खिंडीवरच्या तीन फेऱ्या

लहान विमानात एकटं उडायचं म्हणजे सोबतीला समोरचा पडदा तेवढा. माझ्या विमानातला पडदा वहीच्या पानाएवढा होता. त्यावर नकाशा, आणि नकाशाच्या मधोमध एक इवलंसं विमान. ते म्हणजे मी. ते जागचं कधी हलत नाही, खालचा मुलूखच सरकत राहतो. सुरुवातीला मला याची मजा वाटायची. पुढे पुढे वाटायला लागलं, की बरोबरच आहे, सगळे आपापल्या वाटेने चाललेत आणि मी आहे तिथेच आहे.

माझं काम सर्वेक्षणाचं. विमानाच्या पोटाला कॅमेरा असतो, तो आपला आपण चालतो. मी पडद्यावरच्या रेघेवरून सरळ जायचं, टोकाला वळायचं आणि शेजारच्या रेघेवरून परत यायचं. असं दिवसभर. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे काम समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, “म्हंजी नांगरटच की. बैल न्हाईत यवढंच.”

आण्णा एकटे राहतात. विंझरच्या पुढे डोंगराच्या सोंडेमागे आमची आठ-दहा घरांची वाडी आहे. आई गेल्यावर मी त्यांना दोनदा माझ्याकडे आणलं आणि दोन्ही वेळा ते चौथ्या दिवशी म्हशीचं निमित्त काढून परत गेले. मी अकरावीला भोरच्या वसतिगृहात गेले तेव्हापासून घरी पाहुणीच आहे. वर्षाकाठी दोन-तीन दिवस. बाकी नातं फोनवर. दर रविवारी सकाळी आण्णांचा फोन यायचा आणि त्यात कायम घोंघों वारा. मी कावायचे, “आण्णा, तो पंखा बंद करा आधी!” ते म्हणायचे, “बरं, करतो,” आणि पुन्हा तोच घोंघाट. मला वाटायचं, म्हातारा ऐकत म्हणून नाही.

दोन वर्षांपूर्वी भोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की काचबिंदू आहे, डावा डोळा गेल्यात जमा आहे. उजव्यातली नजर आहे तेवढी टिकवायची, त्यासाठी थेंब दोन्ही वेळा पडले पाहिजेत. गेलेली नजर परत येत नाही. मी थेंबांच्या सहा बाटल्या घेतल्या, आण्णांना एसटीत बसवलं आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेले. थेंब घालणार कोण, हा प्रश्न मी विचारला नाही. उत्तर मला माहीत होतं.

त्याच्या पुढच्याच रविवारी आण्णा फोनवर म्हणाले, “तुजं इमान येकदा बगायचंय. टीवीतलं नगं. तू चालवतीस ते. हाय नजर तवर.”

आण्णांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. धोतर, मोबाईल, सगळं मी आपणहून दिलं आणि त्यांनी “कशाला?” म्हणत घेतलं. हे पहिलंच मागणं. मी लगेच हो म्हणाले आणि मग दोन महिने जमवाजमव करत बसले. आपल्या मर्जीने वाकडी वाट करून घरावरून जायला विमान म्हणजे काही वडाप जीप नाही. शेवटी दिवाळीनंतर कोकणातलं एक काम निघालं. परतीची वाट थोडी दक्षिणेकडून धरायची परवानगी मिळाली. दहा मिनिटं मिळणार होती, साडेपाच हजार फुटांवर. त्याखाली उतरायचं नाही, कारण राजगड-तोरणा काही बाजूला सरकत नाहीत.

प्रश्न उरला घर सापडण्याचा. विमानाच्या नकाशात धावपट्ट्या असतात, डोंगरांची उंची असते, मनोरे असतात. आमची वाडी त्यात कशी असेल? ती तालुक्याच्या नकाशातही नीट नाही. मी आण्णांना फोनवरून शिकवलं, की मोबाईलवर हे दाबा, मग ते हिरवं दाबा, की घराची जागा मला कळेल. तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी बरोबर आलं. मी तो अक्षांश-रेखांश कागदावर उतरवला आणि उड्डाणाआधी पडद्यात भरला. त्याला एकात एक बसवलेली दोन बटणं असतात. बाहेरचं फिरवलं की आकड्याचं पुढचं घर येतं, आतलं फिरवलं की त्या घरातला आकडा बदलतो. एकेक आकडा मी तीनदा ताडून पाहिला. शेवटी त्या जागेला नाव द्यावं लागतं, मोजकीच रोमन अक्षरं मावतात. मी चार अक्षरांत ‘घर’ लिहिलं. इतकी वर्षं उडते आहे, पण या यंत्रात माझं स्वतःचं असं पहिल्यांदाच काही लिहिलं होतं.

आण्णांना सांगून ठेवलं होतं, की बारा वाजता अंगणात या, खळ्यावर पांढरी चादर पसरा. विमान पांढरं आहे, लक्षात ठेवा.

कोकणातून घाट ओलांडला आणि मी ‘घर’ निवडून बटण दाबलं. माझ्यापासून घरापर्यंत पडद्यावर एक गुलाबी रेघ उमटली. बाजूला किती मैल उरले, किती मिनिटं उरली. तोरणा पडद्यावर पिवळा झाला, मागून राजगड झाला. आपल्या उंचीच्या जवळपास येईल त्या डोंगराला हे यंत्र पिवळं रंगवतं, त्याला गडबिड काही कळत नाही. चार मिनिटं. तीन. मला शिकवणारे सर पडद्यावर टोपी टाकून झाकायचे आणि ओरडायचे, “बाहेर बघ! देव बाहेर आहे, आत नाही!” त्या दिवशी मला सर आठवले नाहीत. मी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. दोन मिनिटं. एक. मग आकडा शून्यावर आला, ठिपका माझ्या इवल्या विमानाखाली शिरला, आणि मी पंख कलता करून खाली पाहिलं.

खाली कातळ होता. गवत, एक झाड, एक पायवाट. घर नाही, खळं नाही, चादर नाही.

मी फेरी मारली. पडदा सांगत होता, घर हेच. दुसरी फेरी मारली. विरळ धुकट होतं, सोंडेपलीकडे काही पत्रे चमकत होते. पण हल्ली तिकडे पुण्याच्या लोकांची फार्महाऊस झालीत, पत्रे आणि निळे टाके जिकडेतिकडे. हेही त्यांतलेच असतील म्हणून मी सोडून दिलं. तिसरी फेरी घेताना तोच ठिपका, तोच कातळ. दहा मिनिटं संपली. पंख दोनदा हलवले, कातळालाच, आणि निघाले. आभाळात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. घराच्या बरोबर डोक्यावर होते आणि घर नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. वारा घोंघावतच होता, आण्णांना धाप लागली होती.

“दिसलो का गं?”

म्हातारा उन्हात उभा राहिला असेल. चादर पसरली असेल, उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले असतील. नाही कसं म्हणू?

“दिसलात ना, आण्णा. चादरही दिसली.”

“मलाबी तू दिसलीस,” ते म्हणाले. “लई ग्वाड दिसत व्हतीस.”

मी खूश झाले. मला ते दिसले नसले तरी त्यांना मी दिसले, म्हणजे काम झालं, अशी स्वतःची समजूत घालून मी झोपले.

चैत्रात घरी गेले. आण्णा दारात उभे होते, पण मी दोन हातांवर येईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही. उजव्या डोळ्यातही आता सावल्याच उरल्या होत्या. थेंबांच्या चार बाटल्या फळीवर तशाच होत्या, सीलबंद. मी त्यांच्यावर ओरडले. ओरडायचं मला स्वतःवर होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला रजा वाढवायला कळवायचं होतं. घरात मोबाईलला रेंज नसते, हे मला माहीत होतं. वाडीतली माणसं फोन करायला कुठे जातात ते शेजारच्या काकूंना विचारलं. “खिंडीत,” त्या म्हणाल्या. “तुजे आण्णा तर दर रयवारी जात्यात की काठी टेकीत. पाऊन तास चढ हाय. आता झेपत न्हाई त्यांला, तरी बी.”

मी चढून गेले. एक कातळ, एक झाड, पायवाट. झाडाखाली बसून बसून गुळगुळीत झालेला दगड आणि त्यापाशी चुन्याची रिकामी डबी. आण्णांची ती डबी मी शंभर डब्यांत ओळखली असती. वारा घोंघों वाहत होता. पंखा आमच्या घरात कधीच नव्हता, हे मला तिथे उभं राहिल्यावर आठवलं.

मोबाईलमधला नकाशा उघडला. विमानात भरलेल्या माझ्या जागा त्यातही साठवलेल्या असतात. मी उभी होते तो निळा ठिपका ‘घर’ या चार अक्षरांवर बरोबर बसला होता. एका पावलाचाही फरक नव्हता.

यंत्र चुकलं नव्हतं. मीही एकही आकडा चुकले नव्हते. फक्त आपल्या घरात रेंज नाही ही साधी गोष्ट, लहान पोरालाही कळेल अशी, जागा मागवताना माझ्या ध्यानात आली नव्हती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, मी तर आभाळातून वळसा घातला, तोही तीनदा.

खाली येऊन विचारलं. आण्णा म्हशीपुढे वैरण टाकत होते.

“आण्णा, ते लोकेशन खिंडीतून पाठवलं होतं?”

“मंग कुठनं? घरात दाबलं तर नुसतं गोल फिरतंय. तीन दिस फिरलं. मंग खिंडीत न्हेऊन दाबलं, तर गेलं बग.”

“अहो, पण मग जागा खिंडीची येणार!”

“फोन घरचा हाय ना?” आण्णा म्हणाले. “पत्ता घरचाच जायाला पायजे.”

मी वैरणीची एक पेंढी सोडून म्हशीपुढे टाकली. मग मी विचारलं, “त्या दिवशी मी तुम्हाला दिसले नव्हते?”

“आवाज आला. सोंडंच्या पल्याड तीन येढं फिरला. म्या चादरीपशी हुबा व्हतो, म्हनलं येईल आता हिकडं. मंग आवाज गेला.”

“आणि त्याच संध्याकाळी तुम्ही खिंडीत चढलात, मला दिसलीस म्हणून सांगायला?”

“तू म्हनलीस ना, चादर दिसली म्हनून.” त्यांनी हात झटकले. “मंग म्या काय म्हनायचं?”

मी मागच्या पडवीत जाऊन रडले. लपवायचं कारण नव्हतं, त्यांना दिसणार नव्हतंच. पण मागेच गेले.

घराची खरी जागा मी स्वतः अंगणात उभी राहून घेतली. पुन्हा त्या वाटेचं काम मिळायला पावसाळा संपावा लागला. तोवर कंपनीने विमान बदललं होतं. तोवर विंझरकडे नवा टॉवर उभा राहिला आणि आमच्या अंगणातही रेंज यायला लागली. आता कोणीही घरात बसून हिरवं दाबावं आणि जागा बरोबर जावी. व्हायचं ते असं मागाहून होतं.

या वेळी तोरणा ओलांडल्यावर मी पडद्याचा उजेड मंद केला आणि बाहेर पाहिलं. सोंड, सोंडेच्या पोटात आठ-दहा पत्रे, आमचं खळं. खळ्यावर पांढरा चौकोन, साबुदाण्याएवढा. शेजारी एक उभी काळी रेघ. पडदा पाहायची गरजच पडली नाही. घर तिथे होतं, मागच्या वेळीही तिथेच होतं.

मी तीन फेऱ्या मारल्या. शेजारी ठेवलेली दुर्बीण एका हाताने डोळ्याला लावली तेव्हा आण्णा नीट दिसले. टोपी, काठी, वर केलेला हात. ते हात हलवत होते. माझ्याकडे पाठ होती. खिंडीकडे तोंड करून ते सारखा हात हलवत होते, कारण मागच्या वेळी माझा आवाज तिकडूनच आला होता.

उतरल्यावर मीच फोन लावला. वाऱ्याचा आवाज नव्हता. म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

“दिसलो का गं?” त्यांनी विचारलं.

“दिसलात, आण्णा.” आणि या वेळी ते खरं होतं.

“मलाबी दिसलीस,” आण्णा म्हणाले. “पांढरं फेक इमान. लई ग्वाड.”

नवं विमान पिवळं होतं.

“हो आण्णा,” मी म्हणाले, “पांढरंच.”