मोठ्यानं वाचा की, सायेब!

संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी कोल्हापुरात, रस्त्यांचे ठेके देणाऱ्या सरकारी कचेरीत कारकून होतो. तेव्हा टेंडरं सगळ्यांसमोर फोडत. साहेब एकेक लाखबंद पाकीट उघडून ठेकेदाराचा दर वाचून दाखवत.

ठेकेदारांच्या मागं, भिंतीला टेकून, कोडोलीकडचा एक शेतकरी हटकून बसलेला असे. देवळात यावं तशा चपला दाराबाहेर काढायचा, कानामागं तळवा धरायचा आणि प्रत्येक दराला मान हलवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. साहेबांचा आवाज जरा उतरला की तो ओरडायचा, "मोठ्यानं वाचा की, सायेब! रस्ता आमच्या दारातनं जानार हाय."

मग नवे साहेब आले. पाकिटं बंद दाराआड फुटू लागली आणि बाहेरच्या फळ्यावर फक्त ठेका मिळालेल्याचं नाव लागू लागलं. पहिल्याच दिवशी त्या शेतकऱ्यानं सवयीनं चपला काढल्या, तर दार बंद. फळा मीच वाचून दाखवला.

"आन् बाकीच्यांचं दर?"

"ते आता सांगत नाहीत."

"म्हंजे लगीन उरकल्यावर आवतण दिल्यागत झालं की, पावणं!"

चपला पायात सरकवून तो गेला, तो पुन्हा आलाच नाही.

पुढं वरून हुकूम आला आणि दार उघडलं. दर पुन्हा खणखणीत वाचले जाऊ लागले. भिंतीपाशी मात्र कुणी नसायचं, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. ऐकायला उरले ते ठेकेदार. त्यांना दर आधीच ठाऊक असायचे.