आरूदादाचा खडू

आमच्या गावात वरच्या कातळाच्या सड्यावर चढल्याशिवाय मोबाइलला रेंज मिळत नाही, त्यामुळे आरूदादा गेल्याची बातमी माझ्यापर्यंत आली ती सकाळच्या एसटीनं. निवृत्तीनंतर दर सोमवारी तो याच गाडीनं जामसंड्याहून यायचा. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून, रस्त्यात पाणी कुठं साचलंय ते वहीत टिपत यायचा. त्या सोमवारी गाडीला उशीर झाला होता आणि त्याचं खापर त्याच्यावरच फोडायचं ठरवून मी थांब्यावर उभी होते. ड्रायव्हर खाली उतरला. "बाई, दादा गेले. आज पहाटेक." मी तरीही गाडीत डोकावून पाहिलं... त्याला आता दीड महिना होईल.

आरूदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. ओरोसला एका कचेरीत तो आराखडे करायचा. रस्ता कुठून न्यायचा, कुठल्या गावाला गाडी द्यायची, खाडीचं पाणी चढलं तर माणसं कुठं हलवायची, नवी घरं कुठं बांधायची, हे सगळं नकाशावर मांडायचं काम. कचेरीत तोंडात 'सदर प्रस्ताव' आणि 'उपरोक्त बाब', पण आमच्या पडवीत पाय ठेवला की, "काकी, पेज आसा काय गो?" माझ्या आईचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव. मी तसं बोलून दाखवलं की ती म्हणायची, "तू मास्तरीण आसस. तो माणूस आसा."

आता जे सांगायचं ते नीट सांगते. आमच्याकडे गावपळण असते. तीन-चार वर्षांनी ग्रामदेवाचा कौल झाला की अख्खं गाव, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडतं आणि तीन दिवस झावळांच्या खोपीत राहतं. गावात चिटपाखरू उरत नाही. एका वर्षी दादाच्या कचेरीनं खाडीकाठच्या गावांची पाहणी काढली: घरं किती, माणसं किती, रोज कोण कुठं जातं-येतं. आमच्या गावाची तारीख त्यानंच महिनाभर आधी घालून दिलेली. मग कौल झाला आणि नेमके तेच दिवस आले. दादा ती तारीख साफ विसरून, रजा टाकून आमच्याबरोबर वेशीबाहेर! खोपीत पत्ते कुटत होता, आईच्या हातचं तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं ओरपत होता. आणि अर्ध्या कोसावर त्याचीच माणसं दारोदार फिरून कागदावर 'बंद घर', 'बंद घर' लिहीत होती. परजिल्ह्यातली मुलं, त्यांना काय ठाऊक! पण कागद सहीला आले तेव्हा यानं गठ्ठ्यात सही ठोकली. दुसऱ्या गावांचे कागद तो दोनदा वाचायचा. आपलं गाव काय, तोंडपाठच आहे, असं त्याला वाटलं असावं.

आराखड्यात आमच्या नावापुढे आलं, 'वस्ती नगण्य'. त्यामुळे गाडी नाही, मोरीवरचा रस्ता उंच करायचा नाही, वादळात माणसांना आसरा म्हणून सड्यावर इमारत नाही. दादाला चूक कळली तेव्हा आराखडा मंजूर होऊन गेला होता. तो दुरुस्तीचे अर्ज करत राहिला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आम्ही थांबलो, वादळ थांबलं नाही.

त्या दिवशी दुपारी खाडी वर चढली, मोरी पाण्याखाली गेली आणि आईच्या छातीत कळा सुरू झाल्या. दुसरा रस्ता नव्हताच. होडी मिळेपर्यंत चार तास गेले. पलीकडच्या काठाला लागलो तेव्हा तिचा हात माझ्या हातात गार पडला होता. दुसऱ्या दिवशी दादा चिखल तुडवत आला, दारात उभा राहून लहान मुलासारखा रडायला लागला. मी म्हटलं, "तुझ्या कागदार आमी नाय रे. मगे रडतंस कोणासाठी?"

तो म्हणाला, "तुझा बरोबर आसा गो." आणि अंगणातच बसून राहिला.

असं बोलायला नको होतं. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. पण शब्द परत घ्यायची सवय मला नाही, आणि त्यानं कधी मागितले नाहीत.

त्यानंतर तो दर सुट्टीला यायचा. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचा, "पाणी खंयसर इलेला?" ते भिंतीवर बोट ठेवत आणि हा तिथं गेरूची रेघ ओढायचा. रेघांचा नकाशा केला, तो घेऊन साहेबांच्या दारांत बसला. सहा वर्षं लागली. रस्ता उंच झाला, सड्यावर इमारत उभी राहिली, निवृत्त व्हायच्या महिन्यात गाडी सुरू झाली. गावानं नारळ वाढवला. हा गर्दीत सगळ्यांत मागे.

आणि पुढच्या दोन्ही गावपळणींना त्यानं एक नवीनच चाल पाडली. गाव निघालं की खडू घेऊन दारोदार फिरायचा आणि प्रत्येक बंद दारावर लिहायचा, 'हे घर बंद नाही. माणसं: पाच.' पुढच्या दारावर सात, त्यापुढे दोन. लोक हसायचे. "आरूदादा, देवाक आमचो हिशोब सांगतास काय?" तो म्हणायचा, "देवाक म्हायत आसा रे. माझ्यासारख्यांक सांगतंय." आमच्या घराला लागून असलेल्या त्याच्या खोलीवर मात्र तो काही लिहायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "माझी गणती कित्याक?"

गेल्या आठवड्यात पुन्हा गावपळण झाली. गुरं सुटली, बोचकी बांधली, आणि सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. त्याच्या खोलीतल्या कोनाड्यात खडूचा डबा होता, तो मीच काढला. शाळेतून मीच आणून दिलेला डबा. दारादारावर लिहीत गेले. माझ्या दारावर 'माणसं: एक' लिहिलं तेव्हा पहिल्यांदा हात थांबला. शेवटी त्याच्या दाराशी आले. तिकडून हाका मारत होते, "बाई, चला, उशीर झालो!" डोळ्यांपुढे अक्षर दिसेना. मी तसंच लिहिलं, 'हे घर बंद नाही. माणसं: एक.'

साऱ्या नोकरीत मी कधी कुणाची खोटी हजेरी मांडली नव्हती. ही पहिली.