दगडूमामांची पन्नासची लेन्स

कुठली लेन्स घ्यावी असं विचारायला कुणी गेलं, की दगडूमामा आधी विचारायचे, “घरात माणसं किती?” विचारणारा चक्रावून जायचा. अंबडला बसस्टँडमागे मामांचा स्टुडिओ होता आणि तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्यांनीच काढलेले होते.

मी शाळामास्तर. दोन हजार सहाच्या सुमारास हौसेनं मधल्या किमतीचा डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतला. सोबत आलेली लेन्स आठवड्यातच अपुरी वाटायला लागली. हा रोग नव्या कॅमेरेवाल्यांना हटकून होतो. शहागडला गोदाकाठचे बगळे टिपायला लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी, की घरातल्या कार्यासाठी सगळ्यांना एका चौकटीत घेणारी वाइड, याचा मला घोर लागला. धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न ठरलं होतं.

मामा म्हणाले, “बगळे कुठं पळून न्हाई चालले, सर. लग्नाला साधी पन्नास एमेमची घ्या. तिच्यात झूम न्हाई, काही न्हाई, पण माणूस बराबर माणसावानी दिसतं.”

“तिच्यात आमची भावकी मावायची नाही, मामा.”

“मंग मागं सरका. लेन्स काय दाखवती ते दुकानदार सांगंल. काय बिघडवती ते मला इचारा.”

मी अर्थातच ऐकलं नाही. औरंगाबादहून वाइड लेन्स आणली आणि साखरपुड्याला बैठकीतच चाळीस माणसं एका फोटोत कोंबली. कुणी सुटलं नाही. फक्त कडेला उभ्या असलेल्या आत्याचं डोकं भोपळ्यासारखं ताणलं गेलं. “मला मुद्दाम कडंला उभं केलं” म्हणून आत्यानं अबोला धरला.

तो फोटो घेऊन मी मामांकडे गेलो. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“काठावर कोण उभं राह्यतं, सर? ज्याला मधी कुणी बोलवत न्हाई ते. अन् तुमची लेन्स त्यालाच वाकडं करून राह्यली.” मग फोटोवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, “अन् तुमच्या आई कुठं हायेत?”

आई फोटोत नव्हती. वडील गेल्यापासून ती कुठल्याच शुभकार्याच्या फोटोत नव्हती. कॅमेरा निघाला की तिला स्वयंपाकघरातलं काम आठवायचं, आणि आम्हालाही त्याची सवय होऊन गेली होती. हे लिहिताना लाज वाटते. सुमननं मात्र हट्ट धरला होता, लग्नाच्या एका तरी फोटोत आई हवी. काकांपुढे तो चालत नव्हता. “पद्धत हाय ती,” एवढंच ते म्हणायचे. मी हे सगळं मामांना सांगून टाकलं. त्यांनी फोटो परत दिला आणि लग्नाची तारीख विचारून घेतली.

लग्नात मामांनी माझाच कॅमेरा मागून घेतला आणि त्याला स्वतःची पन्नासची लेन्स लावली. मांडवाबाहेर पटांगणात सगळ्यांना बसवलं आणि मागं मागं सरकत पार लिंबापर्यंत गेले. कॅमेऱ्याला डोळा लावला, मान हलवली. पुन्हा लावला, पुन्हा हलवली. मग तिथूनच ओरडले, “जमून न्हाई राह्यलं! सगळ्या जरीच्या साड्या. ह्या डिजिटलचा उजेड फसतो. बिलकुल मधी एक साधं लुगडं लागतं!”

काका वैतागले. “मंग आता?”

“कुणाचंबी चालंल. पण जल्दी करा, ऊन चाललं.”

साधं लुगडं साऱ्या मांडवात एकच होतं. सुमन शालूनिशी उठली आणि आईला हाताला धरून घेऊन आली. काकांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे. “मशिनलाच लागतं म्हणल्यावर काय,” असं पुटपुटत त्यांनी मधली खुर्ची सोडली. “बसा वहिनी.”

माझ्या कॅमेऱ्याला असलं काहीएक लागत नव्हतं. हे त्या पटांगणात दोघांनाच ठाऊक होतं, आणि एरवी सगळ्यांच्या चुका काढणारा मी त्या दिवशी गप्प राहिलो.

दोन वर्षांनी मामा गेले. स्टुडिओचं बंद शटर पाहून मला भर बाजारात रडू आलं. पुढं सुमनच्या मुलाचं बारसं झालं. सगळे फोटोला बसले, मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मामांचं खोटं पुन्हा सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“सरका जरा,” ती काकांना म्हणाली, “मी मधी बसल्याबिगर उजेड बराबर येत न्हाई.”