‘परसदार’मधला प

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी ऑफिसातली प्रत्येक फालतू कुरबूर सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही नलूमावशींना ओळखत नाही.

सरोजिनी नगरला आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. निवृत्त शिक्षिका. दर शनिवारी घरी मुलांना मराठी शिकवायच्या. दिल्लीत वाढलेली आमची पोरं ‘चलो यार’ करत घरात शिरणार. त्यांना ‘ओशाळणं’ कुठून कळायला? म्हणून मावशींनी महिनोन्‌महिने, दोन बोटांनी, कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या कॉम्प्युटरवर शब्दसंग्रह टाइप केला — क्रमांक, मराठी शब्द, हिंदी अर्थ. तो गणपतीच्या स्मरणिकेत छापायचा होता. फक्त क्रमांक काढायचे होते, ते काम माझ्याकडे आलं. मी मिनिस्ट्रीत कॉम्प्युटर सेक्शनला — म्हणजे मंडळाच्या लेखी साक्षात विश्वकर्मा! आणि मलाही तसंच वाटायचं. शी.

एडिटर प्रोग्रॅममध्ये उभा चौकोन आखून नुसता आकड्यांचा रकाना निवडता येतो. निवडला, डिलीट दाबलं, आकडे गेले. चौकोन मात्र गेला नव्हता — मिटून एक बारीक उभी रेघ झाला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शब्दाआधी एक मोकळी जागा उरली होती. ती एका ओळीतली जाईल म्हणून पुन्हा डिलीट दाबलं, तर सगळ्याच ओळींतली गेली. वा! फुकटात काम झालं म्हणून मी खूष. खालची पानं बघितली? कशाला बघेन? मी एक्सपर्ट ना! खाली मावशींनी ती जागा सोडलीच नव्हती. तिथे डिलीटने प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर खाल्लं होतं.

स्मरणिका वाटली गेली, आणि सूत्रसंचालकाने माइकवरून वाचलं, “‘रसदार — पिछवाडा’! मावशी, क्या बात है!” हॉल हशाने फुटला. ‘परसदार’चा प गेला होता, आणि हिंदीत ‘पिछवाडा’ म्हणजे नुसतं घरामागचं अंगण नव्हे, ढुंगणही. हसणाऱ्यांत मीही होतो — हेही सांगूनच टाकतो.

मावशी माझ्याजवळ आल्या. “अरे, हे मी लिहिलं?”

त्यांच्या थोरल्या बहिणीचे शब्द असेच एकेक करून गेले होते. शेवटी ती पोटच्या मुलांनाही ओळखेना. मावशींना धास्ती होती ती त्याचीच. मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, “तुमच्या फाईलमध्ये असंच होतं, मावशी.”

किती सहज म्हणालो! आवाज हललासुद्धा नाही. एवढा निर्लज्जपणा माझ्यात कुठून आला? कुठून म्हणजे — होताच.

“उद्या मूळ फाईल दाखवशील? एकदा बघते.”

सकाळी त्या मंडळात यायच्या आधी मी ती उघडली. सगळं जागच्या जागी होतं — परसदार, ओशाळणे, एकूण एक शब्द धड. ती मी पुसली आणि बिघडलेली तिच्या जागी ठेवली.

मावशींनी चष्मा पुसून पुसून वाचलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बरं झालं, खरं बोललास. बाकीच्यांनी माझी भीड धरली असती.”

शनिवारचे वर्ग बंद झाले. मुलं विचारायला गेली की म्हणायच्या, “नको रे, चुकीचं शिकवीन.” पुढे मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. निघतानाही कॉलनीत कुणाचं नाव चुकल्या नाहीत. माझं तर पूर्ण नाव घेतलं.

डिलीटने मला नको ते केलं, असं मी बरीच वर्षं घोकलं. त्या सकाळी मात्र त्याने अगदी माझ्या मनातलं केलं.