आत्याचं निदान आणि माझ्या पोटातला गोळा

धाकट्या काकाच्या लग्नात, सोलापुरात, मी भर पंगतीत जिलबीला नको म्हणाले... आणि सगळ्यांचे हात थांबले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिसरीत होते, आणि जिलबी नाकारणारं मूल आमच्याकडे तोवर जन्माला आलं नव्हतं.

पोट तसं दोन-तीन महिने अधूनमधून दुखायचं. चार घासांत गच्च व्हायचं. पण मी सांगायचे नेमकं शाळेच्या वेळी, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पंगतीतून उठले ती वाकूनच... आणि मांडवाच्या कडेला भडाभडा ओकले.

मग उपचार सुरू झाले. कुणी ओवा चावायला दिला, कुणी बेंबीला हिंग लावलं, कुणी मीठ-मिरच्या ओवाळल्या. पण पोटदुखीत शेवटचा शब्द आत्याचा. तिनं पोट चाचपलं आणि जाहीर केलं, "गोळा उठलाय. लई मोटा हाय. तेल लावून चोळते की."

तिनं चोळलं... आणि मी अशी किंचाळले की बँड बंद पडला.

आई-वडिलांनी मला टांग्यात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवला. परत फिरवला. मग आईला विचारलं, "बाई, ही केस खाते का?"

आई भडकलीच. "आमी काय उपाशी ठेवतो व्हय हिला?"

वेणीचं टोक चघळायची मला सवय होती. वडील चादरीच्या कारखान्यात माग चालवायचे, त्यामुळे घरात चादरी भरपूर... त्यांच्या काठाच्या दशा, म्हणजे सुटे धागे, उपटून मी त्याही चघळायचे आणि गिळायचे. चव काहीच नसायची, पण सोडवत नव्हतं. दशा गायब होतात म्हणून आईनं उंदरांचा पिंजरा लावला होता.

रडत रडत सगळं कबूल केलं. डॉक्टर म्हणाले, असं क्वचितच होतं, पण गुंता जठरात अडकलाय, ऑपरेशन करावंच लागेल. उशीर केला तर जिवावर बेतेल.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी वडिलांना बोलावून ट्रे दाखवला. त्यात काळा, जठराच्याच आकाराचा केसांचा गोळा... आणि त्यात लाल-हिरवे धागे. वडील वाकून निरखून बघत राहिले. मग म्हणाले, "डाक्टरसायब, रंग बगा की! येवढे महिने पोटात राहून उतरला न्हाय!"

डॉक्टरांना हसू आवरेना, ट्रे खाली ठेवावा लागला म्हणे. आत्या तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगत होती, "मी म्हनलं न्हवतं, गोळा हाय म्हणून?"

माझी वेणी गेली, बॉयकट आला. रंगाचा किस्सा मी आयुष्यभर हसत हसत सांगत आले.

वडील गेल्यावर आईनं मला उरलेलं सांगितलं. तो ट्रे बघून ते बाहेर आले, व्हरांड्यात बाकावर बसले आणि शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून रडले. "माज्याच मागाचं सूत पोरीच्या पोटात गेलं," एवढंच म्हणत होते.

मला भेटायला आत आले तेव्हा मात्र तोंड धुऊन, हसत आले होते...