दोन हिरवी इंजिनं आणि एक तांबडं

बंद पडलेलं इंजिन चालू करण्यासाठी मी दुसरं बंद पडलेलं इंजिन विकत आणलं. तेही थेट माळशिरसकडून, भाड्याच्या ट्रकात घालून, वर ताडपत्री पांघरून. वाटेत त्याला ऊन लागू नये म्हणून.

सत्तर साल उलटून गेलं होतं. आमच्या वळसंगच्या शिवारात विजेचे खांब येऊन उभे होते, तारा यायच्या होत्या. तोवर विहिरीवर डिझेलचं इंजिन. इंजिनाच्या कंपनीचं नाव कुणी घेत नसे, रंग सांगायचा. आमचं हिरवं. आमच्या वडिलांनी घेतलं तेव्हा हिरवं घेतलं, म्हणून आम्ही हिरवंवाले. गावात तांबडंवालेही होते. त्यांच्याशी आमचं भांडण नव्हतं, पण एखाद्याचं तांबडं बंद पडलं की आम्हाला त्या दिवशी जेवण जरा जास्त जायचं. दसऱ्याला इंजिनाला झेंडूची माळ घालून नारळ फोडायचा, तर नारळाचं पाणी कुणाच्या विहिरीच्या दिशेनं उडतं यावरूनही आम्ही अर्थ काढायचो.

खरं सांगायचं तर आमचं हिरवं तोपर्यंत म्हातारं झालं होतं. सकाळी हँडल मारून मारून माझे खांदे उतरायचे आणि ते नुसतं एकदा खोकून गप्प बसायचं. मग मी त्याला शिव्या द्यायचो. मग बायकोकडे बघून तिलाही काहीतरी बोलायचो, कारण ती बघत असायची. गेल्या दोन-तीन सालांत रिंगा झाल्या, नोझल झालं, बेअरिंग झालं. नव्या इंजिनाला जेवढं लागलं असतं त्यातलं निम्मं तरी मी जुन्याच्या पोटात ओतलं होतं. पण हे मोठ्यानं कबूल करायचं म्हणजे मेव्हण्यापुढं मान खाली घालणं. बायकोचा हा भाऊ शेजारच्याच गावचा, आणि कट्टर तांबडंवाला.

त्या साली बायकोनं विहिरीजवळच्या तुकड्यात गहू केला. आमच्याकडं रोजची ज्वारीची भाकरी. गहू लागला तर दुकानातून. पण माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नातल्या पुऱ्या घरच्या गव्हाच्या करणार, असं तिनं भावकीतल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलेलं. एकदा सांगितलं म्हणजे झालं. पेरणीपासून ती स्वतः पाण्याची दारं धरत होती. मला त्या वाफ्यांत पाय ठेवायची परवानगी नव्हती. मी फक्त हँडल मारायचं.

गहू चिकात आला. दाणा दाबला की पांढरा चीक बाहेर यायचा. आता एक पाणी मिळालं की दाणा भरणार, नाही मिळालं तर चिमणार. आणि नेमक्या त्याच आठवड्यात इंजिनानं पांढरा धूर सोडला, दोन आचके दिले आणि ते थांबलं.

गावचा मिस्त्री आला. त्यानं खालचं ऑइल काढून दाखवलं. चहात दूध जास्त झाल्यावर दिसतो तसा रंग.

"हेडला, ह्या वरच्या झाकणाला, चीर पडली, मालक. आतलं पाणी ऑइलात उतरतंय."

"वेल्डिंग कर की."

"आगल्ल," तो म्हणाला. त्याच्या घरची भाषा कानडी. होत नाही हे सांगायचं असलं की तो कानडीतच सांगायचा, म्हणजे पुढं कुणी वाद घालत नसे.

मी घातला. वेल्डिंग करून घेतलं. ते एक सकाळ टिकलं आणि एका वाफ्याचंही पाणी पुरं झालं नाही. मग सोलापूरला गेलो. दुकानदार काउंटरमागून म्हणाला, "हे मॉडेल कंपनीनं बंद केलं. नवीन मॉडेल घेऊन जा, रंग तोच आहे." जसं काही मी रंग विकत घ्यायला आलो होतो. दुसऱ्या दुकानात गेलो, तिसऱ्यात गेलो. एकानं दुसऱ्याच इंजिनाचं हेड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "थोडं घासून बसतंय का बघा." एवढं घासायचं तर मी नवीनच ओतून घेतलं असतं!

रिकाम्या हातानं परत आलो, तर मेव्हणा ओट्यावर बसलेला.

"दाजी, माझं तांबडं आणतो की. बैलगाडीत घालतो, सकाळी विहिरीवर चालू."

"नको, पाव्हणं."

"का वो? तुमच्या विहिरीच्या पाण्याला तांबडं चालत न्हाय व्हय?"

"आमचंच होतंय दोन दिसांत."

बायको आतून म्हणाली, "अवं, गहू चिकात हाय. त्याला रंग कळत न्हाय, पाणी कळतंय."

मी ऐकलं नाही. वडिलांनी बसवलेल्या इंजिनाशेजारी तांबडं आणून उभं करायचं, आणि ते हिरव्याच्या डोळ्यादेखत भकभकणार! मला ते बघवलं नसतं. मोटंनं पाणी काढावं, तर हिरवं आलं त्या साली वडिलांनी मोटेचं चामडं चपलांसाठी वाटून टाकलेलं. इतका त्यांचा हिरव्यावर विश्वास.

तेवढ्यात सोलापूरच्या एका दुकानात कानावर आलेली गोष्ट मला आठवली. माळशिरसकडं उसाच्या पट्ट्यात एकाकडं आमच्याच मॉडेलचं हिरवं इंजिन विकायला होतं. मी त्याच रात्री पिशवी भरली.

माळशिरसचा तो गडी मला पहिल्या नजरेतच आवडला, कारण तो हिरवंवाला होता. इंजिन त्यानं शेडमध्ये ठेवलं होतं, ताजा हिरवा रंग मारून. बघून माझा ऊर भरून आला. मी फ्लायव्हील फिरवलं; लोण्यासारखं फिरलं. बेअरिंग बघितलं, डिझेलचा पंप बघितला, नोझल बघितलं. सगळं आमच्यापेक्षा चांगलं.

"मग विकताय का?" मी विचारलं.

"लाइट आली की हो. मोटर बसवली. न्हायतर ह्याला हलवलं असतं व्हय मी?" आणि त्यानं इंजिनावरून हात फिरवला.

मग त्यानं चहा सांगितला. चहा पिताना आम्ही दोघांनी मिळून तांबड्याला यथेच्छ नावं ठेवली. ते डिझेल किती पितं, त्याचा आवाज कसा फुटक्या डब्यासारखा, ते घेणाऱ्यांची अक्कल किती. इतकं जमलं की मध्ये मी इंजिन बघायला आलोय हे मी विसरून गेलो. हेड उघडून दाखवा म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण म्हणालो नाही. हिरवंवाला हिरवंवाल्याला फसवत नसतो. त्याच्यासमोर पाना काढायचा म्हणजे त्याच्या घरचा चहा पिऊन कपात माशी शोधण्यासारखं झालं असतं.

ट्रक गावात आला तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी बसून होतो, लग्नाहून नवरी घेऊन आल्यासारखा. मिस्त्री विहिरीवर वाट बघत होता. बायको बांधावर उभी होती, हातात गव्हाची एक ओंबी. पानं पिवळी पडायला लागली होती.

मिस्त्रीनं नट सोडले, हेड उचललं, उलटं केलं आणि ते आमच्या जुन्या हेडशेजारी ठेवलं. मी वाकून बघितलं. दोन्ही हेडना चीर होती. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध, एकाच जागी, एकाच तिरकेपणानं. जुळी पोरं बाजूबाजूला झोपवल्यासारखी.

"हिरव्याचं हेच जातंय, मालक," मिस्त्री म्हणाला. "बाकीचं दुरुस्त तरी होतंय."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुमी कुटं इचारलं? तुमी पिशवी घिऊन गेला."

मी चिडलो. त्याच्यावर, माळशिरसवाल्यावर, मॉडेल बंद करणाऱ्या कंपनीवर. आणि त्या ताज्या रंगावर तर इतका, की नखानं तो खरवडायला लागलो. खालून आणखी एक हिरवा थर निघाला. आता माझ्याकडं दोन इंजिनं होती. एकाचंही हेड धड नाही आणि बाकी सगळं दोन दोन. बायकोनं ती ओंबी हातात चुरली, दाणे तळहातावर घेतले, बघितले, फुंकर मारली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीकडून भकभक आवाज आला. मी धावत गेलो. मेव्हण्याचं तांबडं विहिरीवर उभं होतं, पट्टा आमच्याच पंपाला जोडलेला, पाटात पाणी. बायकोनं मला न विचारता भावाला निरोप धाडला होता. ती वाफ्यात उभी राहून दारं फोडत होती, माझ्याकडं पाठ करून. तांबड्याचा आवाज खरंच फुटक्या डब्यासारखा होता. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

पाणी मिळालं, पण उशिरा. विहिरीजवळच्या वाफ्यांचा गहू भरला. पलीकडचा, बांधाकडचा, चिमला. मळणी झाल्यावर बायको अंगणात चाळण घेऊन बसली. चांगला दाणा एका पोत्यात, चिमलेला दुसऱ्यात. दुसरं पोतं आधी भरलं. चांगल्याच्या पुऱ्या निम्म्या पंगतीला पुरल्या असत्या. बाकीचा गहू दुकानातून आणायचा, आणि भावकीतल्या बायका तो आणताना बघणार होत्या. तिची चाळण नेहमीपेक्षा जोरात हलत होती.

मेव्हणा ओट्यावर चहा पीत होता. "दाजी, आता तरी हिरव्याचा नाद सोडा."

मी खूप विचार केल्यासारखा थांबलो. आणि मग, कशी बुद्धी झाली देव जाणे, म्हणालो, "सोडला असता. पण पंढरपूरच्या अलीकडं एकाकडं तसलंच हिरवं हाय म्हणं. त्याचं हेड चांगलं हाय, नुसतं बेअरिंग गेलंय. आणि बेअरिंग तर आपल्याकडं दोन आहेत."

चाळण थांबली. बायकोनं आधी भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बरं झालं माझ्या बापाला मी एकटीच लेक हाय. न्हायतर सुट्या भागासाठी दुसरी बी घिऊन आला असता तुमी."