अँटेना टॉवरकडे पाठ करून

सुरुवात माझ्या गाढवपणापासूनच करतो, म्हणजे मी फार शहाणा होतो असा पुढे कुणाचा गैरसमज नको. स्कॅनरसाठी मुद्दाम मागवलेला अँटेना मी छतावर आडवा बसवला. लहानपणी साताऱ्यात घराघरावर दूरदर्शनचा अँटेना आडवाच असायचा, तोच डोळ्यांसमोर! शेजारचा डेव्ह, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, खालून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, यावर कपडे वाळत घालणार आहेस का? पोलीस-फायरच्या रेडिओसाठी काड्या उभ्या लागतात, हे बॉक्सवरच लिहिलं होतं. पण बॉक्स कोण वाचतो... इंजिनिअर ना मी.

तर असा हा माणूस. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं नाही. जे घडलं तेवढं सांगतो.

२००४ चा ऑक्टोबर. पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज नावाचं गाव. दोन्हीकडे डोंगरांच्या लांबच लांब रांगा आणि आमचं घर एका रांगेच्या अगदी पायथ्याशी. बायको शुभा डोंगरापलीकडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. हिवाळ्यात घाटातल्या रस्त्यावर काय चाललंय ते कळावं म्हणून मी स्कॅनर घेतला – म्हणजे पोलीस, फायर, रस्तेवाले यांचं आपसातलं बोलणं ऐकवणारा रेडिओ. "म्हणजे मी दरीत पडले तर तुला लाइव्ह ऐकायला मिळेल," हे शुभाचं त्यावरचं मत.

खरं कारण वेगळं होतं. त्या वर्षी घरात सतत कुणीतरी बोलत असावं असं मला वाटायचं. मे महिन्यात बाबा गेले. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, बाहेर पडलो तर परत येता येईल याची खात्री नाही. वकील जाऊ नका म्हणाला आणि मी ऐकलं. नंतर लक्षात आलं, माझ्याकडे बाबांचा आवाजच नाही. फोटो ढीगभर, पण टेप नाही, व्हिडिओ नाही. दर रविवारी फोन करायचो तर ते "बरं आहे ना? घे, आईशी बोल" एवढं म्हणून रिसीव्हर आईकडे द्यायचे. हे शब्द आठवत होते. आवाज आठवेना. ऑफिसातून येताना गाडीत मी ते वाक्य स्वतःच म्हणून बघायचो... माझाच आवाज यायचा.

असो. अँटेना. डेव्हच्या मते निवड दोनच प्रकारांत होती. एक चारी दिशांचं थोडं थोडं ऐकणारा, दुसरा एकाच दिशेचं पण लांबचं ऐकणारा. आमच्याकडे दोन्ही बाजूंना डोंगरच, तेव्हा एका दिशेचा घे आणि पोलीस-फायरच्या टॉवरकडे रोख, असं तो म्हणाला. तसा घेतला होता, आडवा लावला होता, आता उभा करायचा होता.

शनिवार दुपार. युनिव्हर्सिटीची फुटबॉल मॅच, त्यामुळे डेव्हसकट सगळी गल्ली स्टेडियममध्ये. शुभा ड्यूटीवर. स्वयंपाकघराच्या खिडकीत स्कॅनर फुल व्हॉल्यूमवर ठेवून मी शिडीवर चढलो. अँटेना टॉवरकडे रोखला. नुसती खरखर. इंच इंच हलवला, तरी खरखर. आणि त्या खरखरीतून, स्वच्छ मराठीत –

"डावीकडे."

मी शिडी घट्ट धरली.

"आणखी डावीकडे... अजून..."

डावीकडे म्हणजे टॉवरकडे पाठ करून, समोरच्या रिकाम्या डोंगराकडे. पण डोक्याने विचार करायच्या आत हात वळले होते. साताऱ्यात मी कौलांवर आणि बाबा खाली टीव्हीसमोर, हे आमचं कित्येक वर्षं चाललेलं. माझ्या हातांना त्या आवाजाची सवय होती.

"बास. आता हात काढ."

ही बाबांची शेवटची परीक्षा असायची. अँटेनाला हात लावलेला असेपर्यंत चित्र सुरेख दिसायचं, सोडला की मुंग्या.

मी हात काढला नाही. काढला की आवाज जाणार, हे मला माहीत होतं. किती वेळ तसाच उभा होतो सांगता येत नाही, दंडाला रग लागली. मग तोच आवाज, किंचित वैतागलेला:

"अरे, काढ हात."

काढला. खरखर थांबली, आणि एक बाई शांतपणे कुठल्याशा पत्त्यावर अँब्युलन्स पाठवत होती. शब्द न् शब्द स्पष्ट.

पुढे डेव्हने सांगितलं की डोंगराळ भागात असं होतं. सिग्नल समोरच्या डोंगरावर आपटून परत येतो, म्हणून टॉवरकडे पाठ केलेलीच बरी. ठीक. अँटेनाचं उत्तर मिळालं. मराठीचं? गावातल्या मराठी मंडळाच्या लोकांना विचारून झालं, कुणाकडे वॉकी-टॉकीसुद्धा नव्हता. त्यानंतर तो अँटेना मी हरतऱ्हेने फिरवून पाहिला. पुन्हा काही नाही. आजही माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि आता मी ते शोधतही नाही.

त्या संध्याकाळी शुभा आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती हसेल, निदान झोप झाली नाही का विचारेल, अशी माझी तयारी होती. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"आवाज बाबांचाच होता?"

"हो."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. अगं, त्यात नुसतं ऐकू येतं. आपल्याला बोलता येत नाही."

तिने खिडकीतल्या स्कॅनरकडे पाहिलं. मग म्हणाली, "तरी ओ द्यायचीस रे."